चंद्राचे छायाचित्र आणि प्रकाशाची निवड

वैशाख पौर्णिमेची सायंवंदना आटोपते, खीरदानाच्या रांगा लागतात आणि त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येतो. विहाराचा कळस, पंचशील ध्वज आणि त्यांच्या मागे पूर्णचंद्र असे दृश्य समोर असताना मोबाइल उचलण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. छायाचित्र उघडून पाहिले की मात्र चंद्राच्या जागी चुन्याचा पांढरा ठिपका आढळतो. त्यावर ना डाग, ना छाया, ना गोलाई. आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून दर बुद्धपौर्णिमेला अशी छायाचित्रे येतात आणि त्यांच्यासोबत बहुधा एकच प्रश्न येतो : डोळ्यांना दिसलेला चंद्र कॅमेऱ्याला का दिसला नाही ?

या प्रश्नाचे उत्तर महागड्या कॅमेऱ्यात नाही. चंद्राविषयीच्या आपल्या एका समजुतीत ते आहे. चंद्र रात्री दिसतो, म्हणून आपण त्याला रात्रीची वस्तू मानतो आणि रात्रीच्या छायाचित्राला जितका प्रकाश लागतो तितका त्याच्यासाठी गोळा करू पाहतो. वस्तुतः रात्र आपल्या अंगणात असते. चंद्राचा जो भाग आपल्याला उजळ दिसतो, तेथे त्या क्षणी भर ऊन पडलेले असते. सूर्यापासून चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे जे ऊन दुपारी आपल्या शाळेच्या पटांगणावर पडते, तेच चंद्रावरच्या खडकांवर पडते. तेथे वातावरण नसल्याने किंचित अधिकच प्रखर. चंद्राचे छायाचित्र काढणे म्हणजे उन्हात पडलेल्या दगडाचे छायाचित्र काढणे होय.

हा दगड पांढराही नाही. चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परत पाठवतो. झिजलेल्या डांबरी रस्त्याचा रंग डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे चंद्राच्या खऱ्या रंगाची कल्पना येईल. भोवतालचे आकाश काळेभोर असते म्हणून हा डांबरासारखा दगड आपल्याला चांदीचा वाटतो. कवींनी त्याला रुपेरी म्हटले त्याला आपली हरकत नाही. कॅमेऱ्याची आकडेमोड करताना तो काळपट धरावा लागतो, इतकेच.

‘चंद्र इतका दूर, मग त्याच्यासाठी अधिक प्रकाश घ्यावा लागणार नाही का ?’ ही शंका विद्यार्थी हमखास विचारतात आणि ती विचारण्याजोगीही आहे. एखादी वस्तू दूर गेली की तिच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचणारा एकूण प्रकाश कमी होतो हे खरे. पण तिची प्रतिमाही त्याच प्रमाणात आक्रसते. कमी झालेला प्रकाश कमी जागेवर पडतो. म्हणून प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूची उजळता तितकीच राहते. समोरची भिंत दहा फुटांवरून पाहा किंवा शंभर फुटांवरून, ती काही काळवंडत नाही. चंद्राचेही तसेच आहे.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याला छायाचित्रकार ‘एक्स्पोजर’ म्हणतात आणि ते तीन गोष्टींवर ठरते. भिंगाचे छिद्र किती मोठे, म्हणजे अ‍ॅपर्चर. शटर किती वेळ उघडे. आणि सेन्सरची संवेदनक्षमता किती, म्हणजे आयएसओ. अ‍ॅपर्चरचा आकडा एफ या अक्षरानंतर लिहितात आणि तो उलटा वाचावा लागतो : एफ ४ चे छिद्र मोठे, एफ १६ चे लहान. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करण्याच्या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. पुढील सगळे विवेचन या एका शब्दावर उभे असल्याने तो लक्षात ठेवावा.

फिल्मच्या काळातील जुन्या छायाचित्रकारांना उन्हातल्या छायाचित्राचा एक साधा नियम पाठ असे. अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल तितक्याव्या हिश्श्याचा सेकंद शटरला द्यावा. फिल्म १०० ची असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. याला ‘सनी सिक्स्टीन’ म्हणत. चंद्रासाठी याच नियमाचे भावंड आहे; त्याला ‘लूनी इलेव्हन’ म्हणतात. त्यात एफ १६ ऐवजी एफ ११ घ्यायचे, बाकी सर्व तसेच. आयएसओ १००, एफ ११ आणि शटर १/१०० किंवा १/१२५ सेकंद, एवढ्यावर पूर्णचंद्र व्यवस्थित येतो. भर दुपारच्या उन्हाच्या आणि मध्यरात्रीच्या चंद्राच्या एक्स्पोजरमध्ये अवघ्या एका स्टॉपचे अंतर आहे. तेही मुख्यतः चंद्र काळपट आहे आणि त्याचा प्रकाश आपल्या वातावरणातून गाळून येतो म्हणून.

मग कॅमेरा आपणहून हे का करत नाही ? कारण स्वयंचलित कॅमेरा समोरच्या चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत काळे आकाश पंच्याण्णव टक्के आणि चंद्र उरलेल्या कोपऱ्यात असेल, तर त्याचा निष्कर्ष एकच असतो : येथे फार अंधार आहे, शटर अधिक वेळ उघडे ठेवा. बहुसंख्येच्या हिशेबात चंद्र भाजून निघतो. कॅमेऱ्यात ‘स्पॉट मीटरिंग’ची सोय असेल तर फक्त चंद्रावर नेम धरून मापन करता येते. नसेल तर स्वयंचलित पद्धत बंद करून आकडे स्वतः भरावेत. मला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

मोबाइलधारकांनी येथे निराश होऊ नये. पडद्यावर चंद्रावर बोट टेकवून दाबून ठेवले की फोकस आणि प्रकाश तेथे स्थिर होतात. मग शेजारी सूर्याचे लहानसे चिन्ह दिसते, ते खाली ओढावे. पांढऱ्या ठिपक्यात हळूहळू करडे डाग उमटू लागतात. ज्यांच्या मोबाइलमध्ये ‘प्रो’ ही सोय आहे त्यांनी हिशेब करून पाहावा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर बहुधा एफ १.८ च्या आसपास कायमचे बसवलेले असते. एफ ११ पेक्षा ते पाच स्टॉपांहून थोडे अधिक मोठे आहे. म्हणून आयएसओ १०० वर शटर १/१२५ ऐवजी सुमारे १/४००० सेकंद ठेवावे लागते. रात्रीच्या वेळी सेकंदाचा चार हजारावा भाग ! हा आकडा प्रथम ऐकताना विद्यार्थी हसतात, आणि छायाचित्र पाहिल्यावर गप्प होतात.

मोबाइलची खरी मर्यादा प्रकाशाची नसून आकाराची आहे. आकाशात चंद्राची रुंदी केवळ अर्धा अंश आहे. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या निम्म्याने तो सहज झाकला जातो. सेन्सरवर पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेचा व्यास काढायचा असेल तर भिंगाच्या नाभीय अंतराला साधारण ११० ने भागावे. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे पावणेतीन मिलिमीटरचा चंद्र मिळतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात तोच चंद्र जेमतेम तीसेक बिंदू रुंदीचा असतो. तीस बिंदूंत विवरे मावत नाहीत. लहानशी दुर्बीण असेल तर तिच्या डोळ्याच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेले छायाचित्र कितीतरी सरस येते, आणि तो प्रयोग वसतिगृहाच्या गच्चीवर सहज करता येतो.

या मर्यादेवर मोबाइल कंपन्यांनी जो उपाय काढला आहे, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०२३ मध्ये एका जिज्ञासू ग्राहकाने चंद्राचे एक छायाचित्र मुद्दाम अतिशय पुसट केले, ते संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीतील दिवे मालवले आणि लांबून एका नामांकित कंपनीच्या मोबाइलने त्या पडद्याचे छायाचित्र काढले. मोबाइलने दिलेल्या छायाचित्रात पडद्यावर नसलेले तपशील अवतरले होते. चंद्र ओळखताच त्याचे रूप सुधारणारी प्रणाली त्यात होती आणि तिने चंद्र कसा दिसतो हे आधीच शिकून ठेवले होते. अशा छायाचित्राला सुंदर म्हणावे. आपण पाहिलेल्या चंद्राचे म्हणू नये. ज्या परंपरेत ‘या आणि पाहा’ हे धम्माचे लक्षण सांगितले आहे, त्या परंपरेतल्या शाळेत पुसट पण खरा चंद्र भिंतीवर लावायला मी अधिक राजी असेन.

आता मूळ तक्रारीकडे येऊ : चंद्रही हवा आणि विहारही हवा. येथेच निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पडणारा प्रकाश हा भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका असतो. स्टॉपच्या भाषेत हे अंतर १८ ते १९ स्टॉप भरते. उत्तम प्रतीचा आधुनिक कॅमेरा एका छायाचित्रात सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागांतील १४ स्टॉपांच्या आसपास अंतर सामावू शकतो; मोबाइलची क्षमता त्याहून कमी. म्हणजे चांदण्यात न्हालेले अंगण आणि त्याच्यावरचा चंद्र हे दोन्ही एका छायाचित्रात तपशिलासह येणे शक्यच नाही. अंगण धराल तर चंद्र जळेल आणि चंद्र धराल तर अंगण काळे पडेल. विहारावर विजेचे दिवे असतील तर अंतर बारा-तेरा स्टॉपांवर येते, पण तेही काठावरचेच.

१९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी काढलेल्या छायाचित्रांत आकाशात तारे दिसत नाहीत. त्यावरून ‘ते तेथे गेलेच नव्हते’ असे सांगणारे लोक अजून भेटतात. याचे उत्तर वरच्याच हिशेबात आहे. त्यांचे कॅमेरे उन्हातल्या जमिनीसाठी लावलेले होते आणि इतक्या अल्प वेळात मंद तारे उमटत नाहीत. आपल्या अंगणातून चंद्राचे योग्य छायाचित्र काढले तर त्यातही तारे येत नाहीत, हे ज्याने स्वतः पाहिले आहे तो अशा अफवेला सहसा बळी पडत नाही.

चंद्र आणि भूमी यांचे भांडण मिटवण्याचा मार्ग कॅमेऱ्यापेक्षा पंचांगातून अधिक चांगला सापडतो. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा. म्हणून शुक्ल चतुर्दशीला सूर्य मावळत असताना चंद्र क्षितिजाच्या दहा-बारा अंश वर आलेला असतो. सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर अजून चारशे लक्सच्या आसपास उजेड असतो, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे आठ स्टॉप कमी. क्षितिजाजवळच्या चंद्राचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येताना आणखी एक-दोन स्टॉप मंदावतो. अंतर सहा-सात स्टॉपांवर येते आणि ते साधा कॅमेराही पेलतो. सूर्यास्तानंतर पाव तास, फार तर वीस मिनिटे, एवढाच हा अवधी. त्यानंतर उजेड झपाट्याने उतरतो. चतुर्दशी आणि पौर्णिमेच्या चंद्रातला फरक छायाचित्रात अगदी बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचे छायाचित्र हवे असेल तर आदल्या संध्याकाळी विहाराच्या पश्चिमेला उभे राहून सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या संधिकालाच्या निवडीचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे आहे. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिको प्रांतातील हर्नांडेझ या खेड्याजवळून जाताना त्यांना मावळतीच्या उन्हात उजळलेले दफनभूमीतील पांढरे क्रूस आणि वर उगवलेला चंद्र दिसला. ऊन कोणत्याही क्षणी जाणार होते आणि प्रकाशमापक काही केल्या सापडेना. त्यांना चंद्राची तेजस्विता ठाऊक होती : दर चौरस फुटास २५० कँडल. तेवढ्या एका आकड्यावरून त्यांनी मनात हिशेब केला आणि एफ ३२ ला एक सेकंद दिला. दुसरे छायाचित्र घेण्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन सरले होते. पाठ केलेल्या आकड्याचा असा उपयोग होतो. या प्रसंगाची पुढची गंमत अशी की अ‍ॅडम्स यांना ते छायाचित्र नेमके कोणत्या वर्षी काढले हे नीट आठवत नसे. पुढे खगोल अभ्यासकांनी छायाचित्रातील चंद्राच्या स्थानावरूनच तारीख ठरवली. आपल्या संस्थेच्या जुन्या अल्बमांत एखाद्या कार्यक्रमाच्या छायाचित्रात चंद्र आला असेल, तर त्याच्या कलेवरून निदान तिथी तरी काढता येईल. ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे आहेत त्यांनी ती जपून ठेवावीत.

दोन छायाचित्रे, एक चंद्रासाठी आणि एक भूमीसाठी, घेऊन ती संगणकावर जोडण्याची पद्धतही आज सर्रास आहे. तिला माझा विरोध नाही. फक्त त्याखाली ‘दोन छायाचित्रांची जोडणी’ असे लिहावे आणि चंद्र मूळ आकारापेक्षा मोठा करू नये.

माजलगावच्या आकाशाविषयी काही विशेष सांगण्यासारखे आहे. आपले गाव साधारण १९ उत्तर अक्षांशावर येते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो तेव्हा चंद्र दक्षिणेकडे झुकतो. त्यामुळे वैशाखातला पूर्णचंद्र आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि मध्यरात्रीही क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढतो. त्यात मे महिन्याची धूळ. म्हणून आपल्या सर्वांत लाडक्या पौर्णिमेचा चंद्र छायाचित्रकाराला तितकासा अनुकूल नसतो : उगवताना पिवळसर, तांबूस, आणि लूनी इलेव्हनच्या आकड्याहून एखादा स्टॉप अधिक मागणारा. आषाढ ते आश्विन या वर्षावासाच्या काळात ढगच अधिक. आश्विन पौर्णिमेला मात्र पावसाने हवा धुऊन काढलेली असते आणि त्या रात्रीची छायाचित्रे बहुधा उत्तम येतात. मार्गशीर्ष-पौषातले पूर्णचंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतात, त्यांचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून उतरतो आणि तेव्हा पुस्तकी आकडे तंतोतंत लागू पडतात.

सिंदफणेवरच्या धरणाने आपल्याला मोठा जलाशय दिला आहे. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. जलाशयाच्या पश्चिमेच्या काठावरून उगवता आणि पूर्वेच्या काठावरून पहाटे मावळता चंद्र पाण्यावर पाहता येतो. पाण्यातील प्रतिबिंब चंद्रापेक्षा बरेच मंद असते आणि लाटांनी फाटून लांब पट्टा होते. तेव्हा येथेही वर सांगितलेला संधिकालच साधावा. मुलांना अंधारात पाण्याच्या काठाशी एकटे जाऊ देऊ नये, हे शिक्षक म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे.

छायाचित्रणास सर्वांत अनुकूल असलेल्या हिवाळ्यातल्या त्या पौर्णिमा आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत लांबच्या असतात. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. कोणी सांगली-कोल्हापुरात, कोणी कर्नाटकात, आणि परतायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. फडावर कोपीसमोर उभ्या असलेल्या आईला आणि येथे गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाला एकाच वेळी दिसणारी वस्तू चंद्रच. तीनशे-चारशे किलोमीटरच्या अंतराने चंद्राच्या उजळतेत काही फरक पडत नाही, म्हणून आकडेही तेच राहतात. सहावी-सातवीतल्या मुलाने फोनवर ‘आई, चंद्रावर बोट ठेव आणि उजेड खाली ओढ’ एवढे सांगितले तरी दोन्हीकडची छायाचित्रे सारखी येतील. शेजारी ठेवून पाहिली तर चंद्रावरचे डाग दोन्हींत एकाच जागी असतात. भूगोलाच्या तासाला अंतराची कल्पना देण्यासाठी मी याहून चांगले साधन शोधतो आहे. अजून सापडलेले नाही.

पौर्णिमेचे एवढे गुणगान झाले तरी चंद्राचा भूगोल शिकायचा असेल तर पौर्णिमा ही सर्वांत वाईट रात्र आहे. त्या दिवशी ऊन चंद्रावर समोरून पडते, सावल्या लपतात आणि सर्व काही सपाट दिसते. टायको विवरातून फुटलेले पांढरे किरण तेवढे उठून दिसतात. शुक्ल अष्टमीला ऊन बाजूने येते. उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा आणि अ‍ॅपेनाइन पर्वतरांगेची शिखरे लांब सावल्या टाकत उभी राहतात. अष्टमी हाही उपोसथाचाच दिवस, तेव्हा वंदनेनंतर दुर्बीण बाहेर काढायला निमित्त आहेच. प्रकाशाचा हिशेब मात्र येथे फसवा आहे. अर्धा चंद्र पूर्णचंद्राच्या निम्मा तेजस्वी असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे दहावा हिस्साच प्रकाश देतो, कारण तिरप्या उन्हात जमीन मंद उजळते आणि सावल्यांनी बरीच जागा व्यापलेली असते. म्हणून एफ ११ ऐवजी एफ ५.६, म्हणजे दोन स्टॉप अधिक. द्वादशीच्या सुमारास एफ ८ पुरते आणि तृतीया-चतुर्थीच्या कोरीला एफ ४. कोरीच्या आत जो फिकट राखाडी गोल दिसतो तो पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने उजळलेला असतो. तो हवा असेल तर दोन-तीन सेकंद शटर उघडे ठेवावे लागते आणि कोर जळू द्यावी लागते. येथेही दोन्ही एकदम मिळत नाहीत.

सेकंदांची गोष्ट निघाली की चंद्राची गती आडवी येते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र आकाशात दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने पाहिले तर साधारण पाव सेकंदात तो सेन्सरवरच्या एका बिंदूहून अधिक सरकतो. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी त्यापलीकडे तपशील पुसट होऊ लागतात. १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे सुरुवातीचे यशस्वी छायाचित्र घेतले तेव्हा त्यांना सुमारे वीस मिनिटे प्रकाश द्यावा लागला होता. तेवढ्या वेळात चंद्र स्वतःच्या दहापट अंतर चालून जातो, म्हणून उपकरण त्याच्या मागोमाग वळवत राहणे भाग होते. आजचे तंत्र अगदी उलट टोकाला गेले आहे. मे २०२१ मध्ये पुण्याच्या सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजू याने चंद्राच्या पन्नास हजारांच्या आसपास प्रतिमा घेऊन त्यांतून एक छायाचित्र घडवले आणि ते देशभर गाजले. इतक्या प्रतिमा कशासाठी ? वातावरणाच्या थरथरीमुळे चंद्र सतत हलतो. अतिशय अल्पकाळाच्या हजारो प्रतिमांतून स्थिर क्षणांच्या तेवढ्या निवडून एकावर एक रचल्या की तपशील उमलतो. आपल्या मुलांनी पन्नास हजार नव्हे, पन्नास प्रतिमा घेऊन पाहिल्या तरी त्यांना फरक कळेल.

वरील आकडे माझ्या शब्दावर स्वीकारू नयेत. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याला हे साजेसेही होणार नाही. एकाच चंद्राची पाच छायाचित्रे घ्यावीत, १/३० पासून १/५०० सेकंदापर्यंत, आणि प्रत्येकाचे आकडे, तिथी, वेळ, हवेची स्थिती वहीत लिहावी. तीन-चार पौर्णिमांत जी नोंदवही तयार होईल ती माजलगावच्या आकाशाची असेल आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा येथे अधिक उपयोगी पडेल. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर धान्याच्या लहान पोत्यावर टेकवावा आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

ग्रहणाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, यापलीकडे काही घडत नाही. तरीही गर्भवती स्त्रीला त्या वेळी कोंडून बसवणे, भाजी चिरू न देणे, शिजलेले अन्न फेकणे हे प्रकार आपल्या भागात अजून चालतात, आणि शिकलेल्या घरांतही चालतात. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे असते. चंद्रग्रहण मात्र डोळ्यांना आणि कॅमेऱ्याला पूर्णपणे निर्धोक आहे. घरातल्या सर्वांनी अंगणात येऊन ते पाहावे आणि त्याचे छायाचित्र काढावे, यात भीती घालवण्याचे सामर्थ्य आहे असा माझा अनुभव आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतभरातून पाहता येण्याजोगे खग्रास चंद्रग्रहण झाले, त्याची खग्रास स्थिती ८२ मिनिटे होती. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पुन्हा तसा योग आहे. त्या वेळी खग्रास चंद्र रात्री पावणेदहापासून सुमारे अकरापर्यंत दिसेल, आणि थंडीचे दिवस असल्याने तो आकाशात चांगलाच उंच असेल.

त्या रात्रीसाठी आकड्यांची तयारी आतापासून करता येते. ग्रहण खंडग्रास असेपर्यंत उजळ भागासाठी लूनी इलेव्हनचाच नियम चालतो आणि सावलीतला भाग काळा येतो. चंद्र पूर्ण सावलीत गेला की पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला तांबडा प्रकाश तेवढा उरतो आणि चंद्राचे तेज दहा हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक उतरते. नेमके किती, ते त्या वेळच्या वातावरणातील ढग व धूळ यांवर अवलंबून असते. १/१२५ वरून एकदम एक-दोन सेकंदांवर यावे लागते, तेही एफ ४ आणि आयएसओ ८०० घेऊन. पण मोठ्या भिंगाला पाव सेकंदापलीकडे चंद्र सरकलेला दिसतो, हे आपण पाहिले. मग आयएसओ वाढवून दाणेदारपणा पत्करायचा, की लहान भिंग घेऊन चंद्र लहान पण स्वच्छ आणि भोवती तारे असे छायाचित्र घ्यायचे ? साध्या कॅमेऱ्याने मी दुसरा पर्याय निवडेन. ५० मिलिमीटरच्या भिंगाने दोन सेकंद सहज देता येतात आणि चंद्र व तारे एकाच चौकटीत मिळण्याची ही दुर्मिळ संधी असते. खग्रास सुटताना चंद्राच्या कडेवर पहिली शुभ्र रेघ उमटली की शटर तत्काळ १/१२५ कडे परत न्यावे. त्या रेघेवर ऊन पडलेले असते.